शुक्रवारच्या ताटल्या

मनामा, १२ जानेवारी २०२५

नीलम,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच फळीवर ठेवून देशील, असं विनय म्हणतो. ठेव. कागद कुठे नासतो? पत्ता त्याच्याकडूनच घेतला, त्याला रागावू नकोस. फोन तू उचलत नाहीस आणि उचललास तरी मला बोलायला काही सुचत नाही. आमच्या गुरुजींनी सातवीपर्यंत छडी मारून शिकवलं होतं की पत्रात मले-तुले लिहायचं नाही, म्हणून हे असं पुस्तकी वाटेल. समजून घे.

मला इथे बहारीनला येऊन दोन वर्षं झाली. विनयची इरावती आता नऊ वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं छान चाललं आहे. तुझी वहिनी लीना शाळेच्या ऑफिसात लागली. विनय त्याच जागी आहे, मीना सलमान बंदराच्या बाजूला वर्कशॉपांची रांग आहे तिथे. घरही जवळच. गच्चीवरून त्याची शेड दिसते. जेवायला घरी येतो, ही चैन आहे.

लिहिण्याचं कारण तसं हसण्यासारखं आहे. मागच्या आठवड्यात मी मुंगवड्या घातल्या. इथे जानेवारीत ऊन कोवळं आणि कोरडं असतं, वडी दोन दिवसांत खडखडीत वाळते. गच्चीवर जुनी पांढरी चादर अंथरली, वर जाळी टाकली, सगळं आपल्या रीतीने. तिसऱ्या दिवशी भाजी केली. लीनाने पहिला घास घेतला आणि गाल धरून बसली. कचकच लागत होती. मी चादर झटकून बघितली तर हातावर करडी-काळी पूड आली. वाळवंटातली माती पिवळी असते, ही तशी नव्हती. बोटावर चोळली की लोखंडासारखी टोचत होती.

विनयने त्याच्या तोंडातली वडी तशीच गिळली.

आता शेडमध्ये काय चालतं ते तुला सांगते. जहाजांचे जुने तुकडे येतात. त्यांच्यावर जोराच्या हवेने खर, म्हणजे काळी भरड वाळू मारतात, त्याने गंज आणि रंग निघतो. ती हवा देणारा जो कॉम्प्रेसर, तो विनय सांभाळतो. शेडला तीन बाजूंनी पत्रा आहे, चौथी बाजू उघडी. आपली बाजू.

लीना म्हणाली, वड्या टाकून द्या. मी दिल्या. पण ती पूड मी कागदाच्या पुडीत बांधून ठेवली. का ठेवली ते माझं मलाच समजेना. मग वाटलं, हे जिला कळेल अशी एकच बाई मला माहीत आहे.

तब्येतीला जप.

आई


मनामा, २ फेब्रुवारी २०२५

नीलम,

जयभीम. पहिलं पत्र पोचलं की नाही, कोण जाणे. या वेळी गोष्ट मोठी आहे.

आमच्या बिल्डिंगच्या शेजारी मुनीराबाईंचं जुनं घर आहे. इथल्याच, बहारीनच्या. साठी उलटलेली, नवरा गेलेला, मुलगे दुसरीकडे. त्यांच्या नवऱ्याचं मनामाच्या बाजारात कापडाचं दुकान होतं, गिऱ्हाईक सगळं आपल्याकडचं, म्हणून त्यांना हिंदी येतं. त्यात निम्मी अरबी असते, पण माझ्या हिंदीतही निम्मी मराठी असते, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही. मला त्या उम्म विनय म्हणतात, म्हणजे विनयची आई. इथे बायकांना मान द्यायची अशी रीत आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, उम्म म्हणजे त्या विचारात पडल्या आहेत.

त्यांनी मला हाताला धरून शेडच्या फाटकापाशी नेलं. तिथे एक नोटीस डकवलेली होती, अरबीत आणि इंग्रजीत. कंपनीला शेजारच्या मोकळ्या जागेवर दुसरी शेड बांधायची आहे. कुणाची हरकत असेल तर पंचवीस फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी दहा वाजता सभा. तारीख वाचून मुनीराबाई म्हणाल्या, मंगळवारी दहाला इथलं कोण मोकळं असतं? मी म्हटलं, मी आणि मांजरं.

ती मोकळी जागा म्हणजे काय, तर पलीकडच्या कामगारांच्या क्वार्टर्सचं अंगण म्हण. एकशेचाळीस माणसं राहतात. बांगलादेशी, नेपाळी, केरळचे, तेलंगणाचे, थोडे आपले. शुक्रवारी तिथे क्रिकेट खेळतात, केस कापतात, घरी व्हिडिओ कॉल लावतात. सोलापूरकडचा महादेव नावाचा पेंटर आहे, तो मला मावशी म्हणतो. त्याला नोटिशीबद्दल विचारलं, तर त्याने ती रोज बघितली होती. वाचता येत नव्हती, म्हणून ती गाड्या लावण्याबद्दल असेल असं त्याला वाटलं होतं.

नोटिशीबरोबर एक अहवाल होता, तो मुनीराबाईंच्या भाच्याने मिळवून दिला. त्यात लिहिलं होतं, तीनशे मीटरच्या आत लोकवस्ती: एक इमारत, चार घरं. क्वार्टर्स कुठेच नव्हत्या. शेवटी नकाशात सापडल्या. गोदाम म्हणून.

मुनीराबाईंनी नकाशावरच्या समुद्राच्या रेषेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मी लहान असताना समुद्र माझ्या दारापर्यंत यायचा. भराव टाकून तो लांब नेला. तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं."

तेव्हा मला तुझे कागद आठवले, नीलम. तू कॉलेजात असताना छपरावर पांढरे कागद ठेवायचीस, वर दगड, कोपऱ्यात तारीख. खाणीची धूळ किती पडते ते बघायला. एकदा ते कागद हरवले म्हणून तू घर डोक्यावर घेतलंस आणि मी म्हटलं, वाऱ्याने गेले असतील. वाऱ्याने नव्हते गेले. मी चुलीत घातले होते. एकदा नाही, तीनदा.

हे लिहून झालं, आता पुढचं सोपं आहे.

मी तीन स्टीलच्या ताटल्या घेतल्या. त्यांना व्हॅसलिनचा पातळ हात दिला. एक आमच्या गच्चीवर, एक मुनीराबाईंच्या अंगणात बदामाच्या झाडापासून लांब, एक क्वार्टर्सच्या छतावर महादेवच्या ताब्यात. रोज सकाळी सहाला जुनी ताटली पांढऱ्या फडक्याच्या तुकड्याने पुसायची, तो तुकडा वहीत चिकटवायचा, खाली तारीख. आमच्या खालच्या मजल्यावर हमीदा राहते, चितगावची. सलमानियाच्या हॉस्पिटलात सफाईचं काम करते, सकाळी सातला निघते. ती म्हणाली, क्वार्टर्समधली किती पोरं दमा घेऊन तिथे येतात ते मी बघते, गच्चीची ताटली माझ्याकडे द्या. दिली.

विनयला हे आठ दिवसांनी कळलं. तो रागावला नाही. जेवणाचं ताट बाजूला सारून म्हणाला, "आई, माझा व्हिसा कंपनीच्या हातात आहे. तू सभेत उभी राहिलीस तर उद्या मले बोलावतील. जरा समजून घे ना."

मी त्याचं ताट पुन्हा पुढे सारलं. हेच वाक्य मी एकदा कुणाला तरी म्हटलं होतं. फक्त तिथे व्हिसा नव्हता, हजेरीकार्ड होतं.

आई


मनामा, ९ मार्च २०२५

नीलम,

जयभीम. तुझं पत्र आलं.

लीना म्हणते, याला पत्र म्हणत नाहीत, ही नोटीस आहे. वर आई नाही, खाली नीलम नाही. चार ओळी. मी त्या अकरा वेळा वाचल्या, आता पाठ आहेत. ताटल्या एकाच उंचीवर ठेवाव्यात. वाऱ्याची दिशा रोज लिहावी. काम बंद असलेल्या दिवशीही ताटली ठेवावी, तो दिवस सर्वांत महत्त्वाचा. एकही दिवस गाळू नये, गैरसोयीचा असला तरी.

बाई, आम्ही तर शुक्रवारी ताटल्या धुऊन पालथ्या घालायचो. सुट्टी म्हणून. त्याच दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांना गच्चीवर बोलावून तुझ्या ओळी वाचून दाखवल्या. मुनीराबाईंनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझी मुलगी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते. त्या म्हणाल्या, मग आतापर्यंत लपवून का ठेवली होती? मी ऐकू न आल्यासारखं केलं.

आणि मग शुक्रवार आला. शनिवारी सकाळी हमीदाने ताटली पुसली आणि फडकं घेऊन जिना उतरून धावतच माझ्या दारात आली. फडकं पांढरं होतं. अगदी पांढरं नाही, दुधात चहाचा थेंब पडावा तसं. मुनीराबाईंचंही तसंच, महादेवचंही. वही उघडली की आता डोळ्यांनाच कळतं: सहा काळे, एक पांढरा, सहा काळे, एक पांढरा. वारा म्हणशील तर बहुतेक दिवस उत्तरेकडून असतो, इथे त्याला शमाल म्हणतात, आणि तो शेडवरून सरळ क्वार्टर्सवर जातो. तेही रोज लिहितो.

सभा पुढे ढकलली गेली आहे, हे सांगायचं राहिलं. आम्ही पर्यावरण खात्याकडे अर्ज केला की सभा सुट्टीच्या दिवशी घ्या आणि लोकांना कळेल अशा भाषेत घ्या. दोनशे बारा सह्या झाल्या. सहा लिप्या होत्या त्यात, आणि अठरा अंगठे. खात्यातल्या बाईंनी तो कागद उलटसुलट करून बघितला म्हणे. ईदनंतरची तारीख दिली आहे, बारा एप्रिल, शनिवार, दुपारी चार. सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, आणि चारपर्यंत क्वार्टर्सवाल्यांची पाळीही सुटते.

कंपनीचे शैलेंद्रसाहेब परवा घरी आले. पुण्याचे आहेत, तो अहवाल त्यांनीच लिहिला. फार नम्र माणूस. म्हणाले, काकू, तुम्ही यात पडू नका, विनयचं चांगलं चाललंय. मी त्यांना चहा दिला आणि वही दिली. पानं उलटता उलटता त्यांचा चहा निवला. जाताना त्यांनी विचारलं, क्वार्टर्सच्या आत जाता येईल का? मी म्हटलं, तुम्ही जाऊन आला नाहीत? ते म्हणाले, नाही. महादेवने त्यांना आत नेलं. परतताना ते आमच्या दारावरून गेले, पण वर आले नाहीत.

रमजान चालू आहे. शेडचे तास कमी झालेत, फडकीही थोडी फिकट येतात. संध्याकाळी गच्चीवर हमीदा आणि मुनीराबाई रोजा सोडतात. मी एक दिवस गरम वडे तळून नेले. मुनीराबाई म्हणाल्या, हे आधी माहीत असतं तर मी नुसत्या शेडशी नाही, सगळ्या बंदराशी भांडले असते.

आता एक अडचण. पाच मार्च, बुधवार. वारा शमालच, काम चालू असण्याचा दिवस, आणि तिन्ही फडकी पांढरी. का, ते माहीत नाही. विनयला विचारता येत नाही, कारण आमचं ठरलं आहे की शेडचा विषय घरात काढायचा नाही. हमीदा म्हणाली, दीदी, हे पान फाडून टाक, लोक म्हणतील आपण मनाने लिहितो. मी पान धरलंही होतं. मग तुझी चौथी ओळ आठवली आणि सोडून दिलं. कागद जाळायची माझी सवय गेली, एवढं तरी मान.

ज्याबद्दल लिहायला दोन महिने घेतले ते आता लिहिते. आपल्या गावची जनसुनावणी. नऊ वर्षं झाली. मंडपात कलेक्टरसाहेब होते, खाणीचे साहेब पहिल्या रांगेत. तू माइक घेतलास. दोन वाक्यं बोललीस, तेवढ्यात मी मागून येऊन तुझा दंड धरला आणि सगळ्यांसमोर ओढलं. बस खाली, म्हटलं, तुझ्या बापाची रोजी घालवते का? तुझ्या हातून माइक पडला. लोक हसले. तू त्या रात्रीच्या गाडीने गेलीस.

तुझ्या बाबांची खाणीतली रोजी राहिली, नीलम. छाती भरून ते गेले तेव्हा डॉक्टरांनी कागदावर कारण म्हणून बिडी लिहिलं. त्यांनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती. मी त्या कागदावर सही केली.

माफी कशी मागतात ते मला कुणी शिकवलं नाही. पण ज्या दिवशी विनय माझ्याशी तेच बोलला, त्या दिवशी मला कळलं की तुला ते कसं लागलं असेल. त्यालाही दोष देत नाही. भीती खोटी नसते.

आई


मनामा, १३ एप्रिल २०२५

नीलम,

जयभीम. उद्या बाबासाहेबांची जयंती. इथली आपली मंडळी हॉल घेऊन करतात. लीना निळी साडी इस्त्री करते आहे, मी मात्र कालपासून जमिनीवर नाही. सगळं सांगते, क्रमाने सांगते.

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. खुर्च्या दीडशे, माणसं तीनशेच्या वर. क्वार्टर्समधले जवळजवळ सगळे आले होते, इस्त्रीचे शर्ट, तेल लावलेले केस, जणू कुणाचं लग्न. मुनीराबाईंनी त्यांच्या ओळखीच्या गल्लीतल्या बायका आणल्या, काळ्या अबायांची एक अख्खी रांग. पुढे उजवीकडे कंपनीची माणसं, गणवेशात. त्यांत विनय. सकाळी घरून निघताना तो माझ्याकडे बघत नव्हता आणि मीही त्याला काही विचारलं नव्हतं. आम्ही वेगवेगळ्या गाड्यांनी गेलो.

खात्याच्या बाई अध्यक्ष होत्या, चाळिशीच्या, इथल्याच. त्यांनी आधीच सांगितलं की ज्याला जी भाषा येते त्यात बोलावं, आम्ही समजून घेऊ. हिंदी, मल्याळम आणि बंगालीचे दुभाषे बसवले होते. मला हिंदीचा दुभाषा मिळत होता, पण मुनीराबाई म्हणाल्या, उम्म विनयचं हिंदी फक्त मला कळतं, तेव्हा मीच सांगणार.

पहिल्यांदा महादेव उठला. तो म्हणाला, "कागदावर आम्हाला गोदाम लिहिलंय. गोदामात माल ठेवतात. आम्ही एकशेचाळीस जण तिथे झोपतो, डाळ शिजवतो, आजारी पडतो. मला फक्त एवढंच सांगायचंय की आम्ही माल नाही." आणि खाली बसला. तीन भाषांत ते वाक्य एकामागून एक हॉलभर फिरलं, आणि प्रत्येक वेळी तेवढी डोकी त्याच्याकडे वळली.

अध्यक्षबाईंनी अहवाल कुणाचा ते विचारलं. शैलेंद्रसाहेब उभे राहिले. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी गोल फिरवणार. पण ते सरळ म्हणाले की नोंद जुन्या कागदावरून उचलली, मी जागेवर गेलो नव्हतो, मार्चमध्ये गेलो, तिथे लोक राहतात, माझी नोंद चुकीची आहे. त्यांच्या मॅनेजरने त्यांच्याकडे असं बघितलं की मी त्यांच्या जागी असते तर माझं पाणीच झालं असतं.

मग माझं नाव घेतलं. नीलम, खरंच सांगते. दंडावर कुणीतरी हात ठेवेल असं वाटत राहिलं. कुणी ठेवला नाही. मुनीराबाई माझ्यासोबत चालत आल्या. मी माइक घेतला नाही, वहीच उघडून धरली. म्हटलं, "बाईसाहेब, मी फार शिकलेली नाही. ही धूळ स्वतःच बोलते. हा शनिवार, हा रविवार, हा सोमवार. आणि हे पांढरं दिसतं ना, हा शुक्रवार आहे." मुनीराबाईंनी अरबीत सांगितलं. अध्यक्षबाई स्वतः खाली उतरून आल्या आणि फडक्यावरून बोट फिरवलं. बोट बघून त्यांनी ते आपल्या बाहीला पुसलं नाही, कागदाला पुसलं आणि तो कागद जपून ठेवला.

कंपनीच्या मॅनेजरने वही मागितली. माणूस हुशार होता. पानं चाळत चाळत तो बरोबर पाच मार्चवर थांबला. हसून म्हणाला, तुमचा शुक्रवार बुधवारी पण येतो वाटतं? काम चालू, वारा तोच, तरी फडकं पांढरं. म्हणजे ही धूळ आमची नाही, किंवा ही वही खरी नाही. दोन्हीपैकी एक काय ते सांगा. त्याच्या रांगेतले हसले. हमीदा डोक्याला हात लावून बसली होती.

तेव्हा गणवेशाच्या रांगेतून एक माणूस उभा राहिला.

विनय उभा राहिला, नीलम.

तो म्हणाला, इंग्रजीत, पण मला कळलं, कारण तो हळू बोलत होता. "पाच मार्चला सकाळी सहा चाळीसला कॉम्प्रेसर बंद पडला. व्हॉल्व्ह गेला होता. पूर्ण दिवस शेडमध्ये काम झालं नाही. दुरुस्ती मी केली आणि लॉगबुकमध्ये सही माझी आहे. वही खरी आहे." मग एक क्षण थांबला आणि मराठीत म्हणाला, "ही वही माझ्या आईची आहे."

शेवटच्या वाक्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

मॅनेजर बसला. टाळ्या कुठून सुरू झाल्या ठाऊक नाही, मला तर वाटतं अबायांच्या रांगेतून. मुनीराबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या आणि त्यातच मला हिंदीत दरडावत होत्या की रडू नकोस. विनय तसाच उभा होता, त्याला बसायचं सुचत नव्हतं. शेवटी शैलेंद्रसाहेबांनी त्याचा हात धरून त्याला बसवलं.

येताना आम्ही एकाच गाडीने आलो. तो म्हणाला, उद्या काय होईल ते होईल. मी म्हटलं, झालं तर आपण गावी जाऊ, मुंगवड्या विकू. तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

ते पाच मार्चचं पान मी फाडलं असतं तर? तुझ्या चौथ्या ओळीला मी काल रात्रभर आशीर्वाद देत होते.

आई


मनामा, २२ मे २०२५

नीलम,

जयभीम. तुझं जाड पाकीट आणि खात्याचा निर्णय एकाच आठवड्यात आले. आधी कुठलं सांगू? निर्णय सांगते, दुसऱ्याबद्दल लिहिताना हात थांबतो.

मोकळ्या जागेवर शेड नाही. आहे त्या शेडला चौथी भिंत आणि धूळ ओढून घेणारं मशीन बसेपर्यंत नवीन काहीच नाही. क्वार्टर्स आता नकाशावर राहण्याची जागा म्हणून आहेत, माणसांच्या आकड्यासकट. त्यांच्या छतावर खात्याचं मोजणीयंत्र बसलं आहे, महादेव येणाऱ्या-जाणाऱ्याला ते असं दाखवतो जणू त्यानेच बनवलं. यापुढे तिथली नोटीस सहा भाषांत लागणार आणि सभा सुट्टीच्या दिवशी. देखरेखीसाठी पाच जणांची समिती आहे. मला विचारलं होतं, मी हमीदाचं नाव दिलं. ती पहिल्या बैठकीला पदराखाली फडकी घेऊनच गेली. यंत्र असलं तरी ती ताटली ठेवते. म्हणते, यंत्राला कुणी विचारणारं हवं ना.

सगळंच मिळालं असं नाही. ट्रक त्याच रस्त्याने जातात, त्यांची धूळ आहेच, त्यावर मुनीराबाई नवा अर्ज लिहीत आहेत. विनयला पाच आठवडे स्टोअरमध्ये बसवलं, नटबोल्ट मोजायला. मग धूळ ओढण्याच्या मशीनची उभारणी बघून नोंद ठेवायला कुणीतरी हवं होतं, आणि खात्याच्या बाईंनी विचारलं म्हणे की तो व्हॉल्व्हवाला माणूस कुठे आहे? आता तो तिथे आहे. कालच रुजू झाला. काल लीनाने शिरा केला आणि इरावतीने मराठीत म्हटलं, अजून वाढ. दोन शब्द, पण मराठीत. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो, तर ती लाजून पळाली.

आता तुझं पत्र. त्यात तू पहिल्या ओळीत आई लिहिलं आहेस. पुढची सात पानं मी दुसऱ्या दिवशी वाचली, कारण पहिल्या दिवशी पहिली ओळच पुरली. तू रागाचं सगळं लिहिलंस ते बरं केलंस. बाबांच्या शेवटच्या दिवसांत मी तुला कळवलं नाही, त्याबद्दल लिहिलंस तेही खरं आहे. त्याचं उत्तर पत्रात देणार नाही, तुझ्यासमोर बसून देईन. तू ओरडलीस तरी ऐकेन.

तू लिहिलंस की खाणीचा पट्टा पुन्हा वाढतो आहे, बारा जूनला जनसुनावणी आहे, गावातल्या बायका मंडपापर्यंत येतात पण बोलत नाहीत, शेवटी तू एकटीच उरतेस. मी लीनाला तिकीट बघायला सांगितलं. पाच जूनला नागपूरला उतरते. विनय म्हणाला, आई, चंद्रपूरचं ऊन आता सोसेल का तुला? मुनीराबाईंनी विचारलं, किती असतं? मी म्हटलं, सत्तेचाळीस. त्या म्हणाल्या, मग मी इथेच बरी, पण तिकडच्या बायकांना माझा सलाम सांग, आणि सांग की एकीने बोललं की बाकीच्यांचा घसा आपोआप मोकळा होतो.

तर आल्यावर आठवडा हातात आहे. रोज संध्याकाळी दोन-दोन घरं करू. शांताबाईपासून सुरू करू, ती घाबरट आहे पण तिचा आवाज खणखणीत आहे. वहीचं कसं करायचं ते मी त्यांना शिकवते, चुकलं तर तू सांग. चंद्रपूरच्या स्टेशनवर घ्यायला आलीस तर बरं वाटेल, नाही आलीस तर बस मला ठाऊक आहे.

आणि एक काम आजच कर. बोलणाऱ्यांची यादी आधी द्यावी लागते असं तू लिहिलं आहेस. त्यात तुझ्या नावाखाली माझं नाव घाल. पूर्ण लिही, म्हणजे पुकारताना चूक व्हायला नको: लीलाबाई जगदीश दुर्गे.

आई